दोन मिनिटकाटे

वाटणीत भावांनी इतवारीतला गाळा घेतला.
माझ्याकडे आली वही :
लाल कापडी बांधणी, उजवा कोपरा वाळवीने खाल्लेला,
पहिल्या पानावर मोडीत
डोमाजी पौनीकर, घड्याळवाले, सन १८८१.

घरात सांगतात, त्याने अकरा घड्याळं घडवली,
एक म्हणे विलायतेला राणीकडे गेलं.
मी वही तीनदा मोजली.
घडवलेलं एक.
बाकी सगळी दुरुस्ती :
कामठी छावणीतल्या मेजरसाहेबाचं पाकिटघड्याळ, आत तंबाखू.
मिशनच्या मडमेचं टेबलघड्याळ, आत पाल.
मालगुजार, उमरेड : घड्याळ ठीक आहे, किल्ली देत नाहीत. चार आणे.

ते एक त्याने स्वतःसाठी केलं.
चाकं तांबटाकडून ओतून आणलेली, कानस त्याची.
लंबकाची दांडी सागाची, कारण वैशाखात नागपुरात
लोखंड लांबतं आणि वेळ मागे राहते.
आणि मिनिटकाटे दोन,
काळा गावाचा, सोनेरी आगगाडीचा.

तेव्हा गाड्या मद्रासच्या वेळेने धावत.
मद्रासला सूर्य आधी उगवतो,
म्हणून स्टेशनात आठ वाजले
की इतवारीत आठाला पाच कमी.

गणबा मोंबाशाला निघाला, रूळ टाकायला,
आठच्या गाडीने.
डोमाजी पोचवायला गेला नाही,
घड्याळासमोर उभा राहिला.
सोनेरी काटा बारावर आला, शिट्टी इथवर ऐकू आली.
काळ्याला अजून पाच घरं होती.
त्या पाच घरांत गणबा
गेलाही होता, जायचाही होता.
बायको म्हणाली, काहून उभे राह्यले जी?
तो म्हणाला, थांब.
आपल्या घरची गाडी सुटाची आहे अजून.

तुळसा डॉक्टरीणबाईच्या पोरांची आया होऊन
स्कॉटलंडात गेली. एक कार्ड आलं :
इथे थंडी फार. बाबा, थंडीत लंबक आखडतो का?
उत्तराचा कच्चा खर्डा वहीत आहे,
तीन ओळी खोडलेल्या,
एक ठेवलेली : सागाचा नाही.

किसन सांगून गेलाच नाही.
दुष्काळात अरकाट्याने नेला, नाताळच्या उसात.
कुठली गाडी, कितीची, बापाला कळलं नाही.
त्याच्यासाठी पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

मग १९०६च्या जानेवारीत सरकारने
सगळ्यांना एक वेळ दिली.
दुकानापुढे रांग.
काटे पुढे करायचे जवळजवळ चौदा मिनिटं, घड्याळामागे दोन पैसे.
आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई,
खाली दुहेरी रेघ.
त्याच रात्री त्याने सोनेरी काटा काढून ठेवला.
कुठे, ते लिहिलेलं नाही.

शेवटून चौथ्या पानावर
गिऱ्हाइकांच्याच रकान्यांत, त्याच अक्षरात
तीन नावं आहेत.
घड्याळांची आधी आवक लिहायची, मग जावक.
इथे जावक भरलेली, आवक कोरी.
तक्रार : गणबा, नाही. तुळसा, नाही.
किसनपुढे काहीतरी लिहून
बोटाने पुसलंय, शाई ओली असतानाच.

गेल्या मार्गशीर्षात डर्बनहून एक बाई आली,
किसनची पणती. मराठीचं एक अक्षर येत नाही.
म्हणाली, आमच्या घरात एक शब्द आहे, काहून,
आम्हाला वाटायचं झुलू असेल.
मी हसले, मग पाणी आणायला आत गेले
आणि बराच वेळ आतच राहिले.

तिला घड्याळ दाखवलं. बंद आहे,
किल्ली भावाकडे.
तिने काचेवरून बोट फिरवलं, नाव विचारलं, लिहून घेतलं.
खाली टॅक्सीने हॉर्न दिला.
ती उठली.
मी म्हटलं, थांब.
काहून? ती म्हणाली,
आणि मला सांगता येईना.